सागाच्या पट्ट्यांचा घुमट

यवतमाळ,
१० ऑगस्ट २००८

प्रिय आभा,

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर मी 'चि. आभास अनेक आशीर्वाद' असं लिहीत आलो. आजही हात तिकडेच गेला होता, मागे घेतला. आशीर्वाद देणारा एक पायरी वर उभा असतो, आणि या पत्रापुरतं तरी मला त्या पायरीवर उभं राहता येत नाही. का, ते पुढे येईलच. मधेच पत्र टाकून देऊ नकोस, एवढी विनंती. तुझी आई म्हणते, तुमची पत्रं म्हणजे खात्याची टिपणं, मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन. आज मुद्दे घातलेले नाहीत. सुचेल तसं लिहितो आहे, तेव्हा पुढचं मागं होईल.

घरची बातमी अशी, की गेले चार महिने आपल्या जेवणाच्या टेबलावर कोणी जेवलेलं नाही. आम्ही दोघं खाली पाट घेऊन बसतो. टेबलावर दोन खुर्च्या चढवल्या आहेत, त्यांच्या पाठींवर जुन्या खिडकीची चौकट आडवी टाकली आहे, आणि त्या चौकटीतून सेफ्टी पिना एकमेकींत ओवून केलेली जाळी खाली लोंबते आहे. हो, तुझ्यासारखीच. तू तीन दिवसांत केली होतीस, मला सव्वा महिना लागला. तुझी आई कपाळावर हात मारून सांगत असते, की घरात पदराला लावायला एक पिन उरली नाही आणि या वयात ह्यांना खेळ सुचतात. शेजारच्या विमलताई डोकावून गेल्या. त्यांना वाटलं, आपल्याकडे बाळंतपण आहे आणि मी पाळणा विणतो आहे. तुझी आई इतकी हसली, की तिला ठसका लागला. घरात हसणं ऐकून तिला तुझी आठवण येते आणि मलाही येते, पण आम्ही ते एकमेकांना सांगत नाही.

तू जाळी टांगलीस तेव्हा मी तुझी किती टिंगल केली होती, आठवतं? तू म्हणालीस, बाबा, लोंबणारी जाळी आपला आकार आपणच शोधते, तिचा फोटो काढायचा आणि उलटा धरायचा, की झाला घुमट. मी म्हणालो, पस्तीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, पण फोटो उलटा धरून कधी पूल बांधला नाही. तू ताडकन म्हणालीस, म्हणूनच तुमचे पूल सरळसोट आहेत. अगं, त्या उत्तरावर मी आतून किती खूश झालो होतो! पण बापाच्या तोंडून ते बाहेर कसं पडावं? मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

ते वर्तमानपत्रही काय वाचण्यासारखं होतं म्हणा. दोन हजार सहा साल. आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पहिल्या पानावर, आणि तेही कशासाठी, तर नको त्या गोष्टीसाठी. मुंबई-दिल्लीच्या गाड्या यायच्या, बांधावर उभ्या राहायच्या, फोटो काढून धुरळा उडवत परत जायच्या. तू नुकतीच अहमदाबादहून शिकून आलेली. तू गाड्यांच्या मागे गेली नाहीस, फुलसावंगीजवळच्या त्या तांड्यात गेलीस. आणि घरी येऊन मला सांगितलंस, की कापूस घर चालवेना म्हणून यंदा निम्मा तांडा दिवाळीनंतर ऊस तोडायला जाणार आहे, पोरांना पाठीशी बांधून, आणि एप्रिलात ती परत येतील तेव्हा शाळा त्यांना विसरलेली असेल. तांड्यातली रुपीबाई म्हणत होती, पोरं मागे ठेवा, मी त्यांना रांधून घालीन. पण तिच्याजवळ चूल होती, छप्पर नव्हतं. एकतीस पोरांना बसायला, जेवायला, निजायला एक मोठं छप्पर हवं होतं.

तेव्हा तू ते सागाच्या पट्ट्यांचं काढलंस. वनखात्याच्या डेपोत बारीक बल्ल्या पडून असतात, मोठं लाकूड लिलावात जातं आणि ह्या कुंपणाला जातात. त्यांच्या तू दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड पट्ट्या काढवल्यास. गुलाबसिंग मिस्त्रीनं टोकं तिरपी कापून, सांधून, चाळीस-चाळीस फुटी करून दिल्या. एवढ्या काटकुळ्या पट्ट्यांवर छप्पर, हे ऐकून मी तर हसलोच. तू स्वयंपाकघरातून आईचा वाळलेला पापड आणलास, लाटताना हातावर लोळणारा हाच पापड वाळून वाकला की कसा ताठ होतो ते दाखवलंस आणि म्हणालीस, बाबा, जोर लाकडात नाही, वाकण्यात आहे. पट्ट्या आधी जमिनीवर आडव्या-उभ्या अंथरायच्या, जिथे जिथे एकमेकींवर येतील तिथे भोक पाडून बोल्ट घालायचा, चारशे अठरा बोल्ट, आणि मग सगळी चटई मधून टेकू देत देत वर उचलायची. ती वाकत वाकत घुमट होते. कडा जमिनीशी पक्क्या बांधायच्या, आणि मगच नट आवळायचे. सगळं तू हिशेबाच्या वहीत मांडलंस आणि ती वही माझ्यापुढे ठेवून म्हणालीस, बाबा, तपासून द्या, तुमच्याशिवाय कोण आहे मला?

आता पहिली कबुली इथेच देऊन टाकतो. मी ती वही वाचली नाही. तिसऱ्या पानापर्यंत गेलो, पुढची तुझी रीत माझ्या डोक्यावरून जाऊ लागली. पोरीला विचारायची लाज वाटली. खात्यात आम्ही जे करायचो तेच केलं. शेवटचं पान उघडलं, 'तपासले' असं लिहिलं, सही ठोकली, तारीख घातली. तू वही छातीशी धरून नाचत आईकडे गेलीस, ते मी दारातून पाहिलं.

पोळ्यानंतरच्या रविवारी ती चटई उचलली. आठवण काढू नये म्हणतो, पण तिच्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही. सगळा तांडा गोळा झाला होता, बेचक्याच्या बल्ल्या घेऊन चाळीस माणसं खाली शिरली होती. तू ओट्यावर उभी राहून हात वर करायचीस, आणि सगळे एक वीत वर लोटायचे. दोन हातांवर आलं, तीन हातांवर आलं. बायांनी गाणं धरलं. आणि मग तो आवाज. एक पट्टी तडकली, तिच्यामागे दुसरी, मग मोजायलाही सवड नव्हती. माणसं बाहेर पळाली, ते नशीब. पण रुपीबाईनं टेकू सोडला नाही, एक पट्टी उसळून तिच्या हातावर बसली. उमरखेडला प्लास्टर घातलं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून मिटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तू एकटी त्या ढिगात बसून नट उघडत होतीस. मधल्या भागातले घट्ट बसलेले सापडले. शनिवारी रात्री पाऊस झाला होता. तू स्वतःशीच जोडलंस, की पावसानं लाकूड फुगलं, सांधे आवळले गेले, पट्ट्या एकमेकींवर फिरू शकल्या नाहीत, म्हणून मोडल्या. पैसे देणाऱ्या संस्थेला तू अहवाल लिहिलास, 'लाकूड फुगण्याचा अंदाज मी धरला नाही, चूक सर्वस्वी माझी आहे,' आणि खाली सही केलीस. संस्थेनं हात काढून घेतला. दिवाळीनंतर ती पोरं उसाला गेली. लोकांनी गुलाबसिंगलाही सोडलं नाही. त्याचे सांधेच कच्चे, म्हणाले. त्याला दोन वर्षं कोणी घराचं काम दिलं नाही, औतं न् बैलगाड्या दुरुस्त करून त्यानं दिवस काढले. आणि तू हैदराबादला निघून गेलीस.

आभा, तू गेल्यापासून या घरात वाद घालायला कोणी नाही. तुझ्या आईशी वाद होत नाही, तिथे फक्त हरणं असतं. दर रविवारी तुझा फोन येतो, मी आधीपासून जवळच्या खुर्चीत जाऊन बसतो, आणि तू आईशी बोलतेस. मग मी घेतो. तू विचारतेस, पाऊस कसा आहे? मी सांगतो, बरा आहे. कधी नसला तरी बरा आहे म्हणतो. एकदा मी विचारलं, सध्या काय बांधते आहेस? तू म्हणालीस, मोठ्या इमारतींच्या तळघरात मोटारी कुठे उभ्या करायच्या त्याच्या रेघा मारते, विचार दुसरे करतात. तू हसून म्हणालीस. मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन बसलो. जी पोर बापाच्या पुलांना सरळसोट म्हणाली, ती रेघा मारते आहे! मला तुझा तो फणकारा ऐकायचा आहे गं. कोणीतरी मला खोडून काढायला हवं आहे.

एप्रिलात गुलाबसिंग घरी आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, सायेब, ते छप्पर आता करून टाकू म्हनतो. रुपीबाईनं ग्रामपंचायतीत ठराव घेतला आहे, तांड्यानं श्रमदान कबूल केलं आहे, डेपोतून बल्ल्या मिळाल्या आहेत. मे महिन्यात त्यानं नव्या पट्ट्या काढल्या, त्या विहिरीजवळच्या टाक्यात भिजत ठेवल्या आहेत, ओल्या राहाव्यात म्हणून. हे त्याला तूच शिकवलंस. पण पुढचं त्याला येत नाही. कुठून उचलायचं, कुठे किती, कडा कधी बांधायच्या, ते फक्त तुला ठाऊक. जाताना त्यानं एवढंच विचारलं, ताई येईन काय? मी म्हणालो, विचारून सांगतो. त्याला चार महिने झाले, आणि मी विचारलेलं नाही.

त्या दिवशी मी तुझी वही काढली आणि पहिल्या पानापासून बसलो. एकोणसत्तराव्या वर्षी, पोरीच्या वहीवरून, शाळकरी पोरासारखा, बाजूला कोरी वही घेऊन. पिनांची जाळी त्यासाठीच टांगली, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डोक्यात शिरेना. आता समजतं. उचलताना प्रत्येक चौकोन थोडा तिरपा होतो, म्हणून पट्ट्या बोल्टाभोवती फिरल्या पाहिजेत, हे समजलं. किती सुंदर मांडलं आहेस गं! आणि फुगण्याचंही तू धरलं होतंस. नवव्या पानावर आहे, तूच विसरलीस. प्रत्येक नटाखाली एक सूत जागा सोडली होती. मी एक करून पाहिलं. सागाच्या दोन सुक्या पट्ट्या तुझ्या मापानं बोल्टात अडकवल्या आणि तीन दिवस बादलीत बुडवून ठेवल्या. दोन्ही मिळून अर्धं सूतसुद्धा फुगल्या नाहीत. वर काढल्या, तर बोटानं फिरत होत्या. त्यात तुझं लाकूड तर ओलंच होतं, त्याला एका रात्रीच्या पावसाचं काय? आकडे सोबतच्या कागदावर आहेत. तपासून पाहा. या वेळी खरोखर तपासलेले आहेत.

मग नट घट्ट कशानं झाले, हे तू आता विचारशील. मी आवळले, आभा. शनिवारी दुपारी तू दोर आणायला उमरखेडला गेली होतीस आणि मला चटईजवळ बसवून गेलीस. बसल्या बसल्या एका नटाला हात लावला, तो बोटानं फिरला. दुसरा पाहिला, तोही. पस्तीस वर्षांत ढिला नट पाहून मी पुढे गेलेलो नाही, त्यापायी ठेकेदारांची बिलं अडवली आहेत. मनात आलं, पोरगी दमली आहे, राहून गेलं असेल, उद्या हे तिच्या डोक्यावर कोसळेल. गुलाबसिंग म्हणत होता, सायेब, ताईनं ढिलेच ठेवाले सांगतलं, नका आवळू. त्याला मी झापलं. दुसरा पाना त्याच्या हातात दिला. खात्याच्या शिस्तीप्रमाणे मधून सुरुवात करून कडेकडे येत गेलो, अर्ध्यावर आलो तेव्हा पाऊस आला. म्हणून सकाळी तू कडेचे नट पाहिलेस ते ढिले होते. मला वाटलं होतं, उचलून झालं की तुला ऐटीत सांगेन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि तुझ्या वहीच्या अकराव्या पानावर लाल शाईनं लिहिलं आहे, 'घुमट उभा राहून कडा बांधेपर्यंत एकही नट आवळू नये.' शेवटच्या पानावर माझं 'तपासले'. पहिली पट्टी तडकली तेव्हाच मला कळलं होतं. तू सगळ्यांना विचारलंस, कोणी नटांना हात लावला का? गुलाबसिंगनं माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाला. मला तू विचारलंच नाहीस, माझी सही होती ना. आणि मी मूग गिळून बसलो. नुसता बसलो असतो तरी एकवेळ बरं होतं. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणालो, होतं असं बेटा, शेवटी लाकूड आहे ते. ते वाक्य मला दोन वर्षं जेवू देत नाही.

मागच्या मंगळवारी तांड्यात जाऊन मी सगळ्यांसमोर हे सांगितलं. गुलाबसिंगचा काही दोष नव्हता, हेही सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला, बापलेकीच्या मंधात मी काहून पडू, सायेब? रुपीबाईची मी माफी मागितली. तिनं तो हात पुढे केला आणि म्हणाली, माहे दोन बोटं गेले, तुमचे त धाही चालते ना? मंग मले कायले सांगता, तिले लिवा. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी हे कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. संस्थेलाही माझ्या सहीनं लिहिलं आहे, तुझ्या अहवालाला हे पत्र जोडा म्हणून. तू चुकली नव्हतीस, बेटा. तुझा घुमट उभा राहणार होता. पोळ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी तो पुन्हा उचलायचा आहे, पोरांचे आईबाप दिवाळीनंतर जातील, त्याआधी छप्पर पुरं व्हायला हवं, आणि तू आल्याशिवाय गुलाबसिंग एका पट्टीलाही हात लावणार नाही म्हणतो. तुला पाहून दोन वर्षं होतील. तू ओट्यावर उभी राहून हात वर करते आहेस, हे एकदा पाहावं असं मला फार वाटतं, माझं तेवढंच मागणं उरलं आहे. पण मी तिथे असेन म्हणून तुझा पाय निघणार नसेल, तर त्या दिवशी मी यवतमाळातच थांबतो. तू तांड्यात जा.

तुझाच, आणि तुझा गुन्हेगार,
बाबा
(नरहर)